सोळाव्या वर्षी घर सोडताना

हॉकी हा शब्द आपल्या घरांना परका नाही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळविले, त्या संघात गोलरक्षक लिओ पिंटो होते, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ आणि वॉल्टर डिसोझा होते. ही सारी मुंबईच्या मैदानांवर खेळलेली मंडळी. त्यांची नावे ऐकली की वाटते, यांच्याही घरी संध्याकाळी दिवा लावून रोझरी म्हटली जात असावी. परंतु आज ज्या हॉकीविषयी लिहावयाचे आहे ती गवतावरची नव्हे, बर्फावरची आहे. आपल्या देशात ती लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळली जाते, आणि २०२५ साली आपल्या मुलींच्या संघाने आशिया चषकात कांस्यपदकही आणले. पण तिचे खरे माहेर म्हणजे कॅनडा.

वाचक म्हणतील, फादरांना आज बर्फ कोठून आठवला? कारण सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांतील चांगली खेळणारी मुले तेराव्या-चौदाव्या वर्षीच दूरच्या क्रीडा वसतिगृहांत जाऊ लागली आहेत. कोणी फुटबॉलसाठी, कोणी हॉकीसाठी. मिस्सा आटोपल्यावर एखादा बाप बाजूला घेऊन विचारतो, "फादर, पाठवू का पोराला?" आई मागे उभी असते, ती काही बोलत नाही. अशा प्रश्नाला घाईने उत्तर देणे मला कधी जमले नाही. ज्या देशात शंभर वर्षे मुले खेळासाठी घर सोडीत आली आहेत तेथे काय घडले, हे पाहावे म्हणून मी वाचू लागलो. वाचले ते येथे मांडतो.

प्रथम खेळाची ओळख. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, भोवती कंबरेच्या वर जाणारे कठडे आणि त्यावर काच. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू. पायांत पोलादी पाते बसविलेले बूट, हातांत लांब काठी. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाड. ती उसळू नये म्हणून खेळापूर्वी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ इतका वेगवान की खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून धावतो आणि बाकावर येऊन बसतो, त्याची जागा दुसरा घेतो. अंगावर अंग आदळणे हा खेळाचाच भाग आहे. आपल्याकडच्या आया पाहतील तर डोळे झाकून घेतील.

या खेळातील मोठा धंदेवाईक संघ म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग. तिचे बत्तीस क्लब दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस अठरा वर्षांच्या सुमाराच्या मुलांची निवड करतात. सात फेऱ्या होतात, दर फेरीत बत्तीस नावे. म्हणजे साऱ्या जगातून सुमारे सव्वादोनशे मुले. एकट्या कॅनडात या खेळाचे नोंदलेले खेळाडू पाच लाखांहून अधिक आहेत. यावरून चाळणी किती बारीक आहे ते ध्यानात यावे.

या निवडीच्या आदल्या ऑगस्ट महिन्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. तिला ह्लिंका-ग्रेट्झकी चषक म्हणतात. १९९१ साली ती सुरू झाली, तेव्हा नाव निराळे होते. इव्हान ह्लिंका हे चेक प्रशिक्षक. त्यांच्या हाताखालील संघाने १९९८ साली नागानो येथे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले, आणि २००४ साली मोटार अपघातात ते वारले. २००७ पासून स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले. २०१८ साली ती कॅनडातील एडमंटन शहरी भरली, तेव्हा वेन ग्रेट्झकी या कॅनडाच्या थोर खेळाडूचे नाव त्यास जोडले गेले. कधी ती चेक आणि स्लोव्हाक प्रदेशात होते, कधी कॅनडात. आठ देशांचे संघ येतात, आणि शेवटपर्यंत पोचणाऱ्या संघास आठवडाभरात पाच सामने खेळावे लागतात.

ऑगस्टच का? वसंत ऋतूत याच वयाच्या मुलांची जागतिक स्पर्धा असते, पण तेव्हा कॅनडातील उत्तम मुले आपापल्या क्लबांच्या अंतिम सामन्यांत गुंतलेली असतात. ऑगस्टमध्ये मात्र कोणाचाच हंगाम सुरू झालेला नसतो. सगळी उत्तम मुले मोकळी असतात. म्हणून बत्तीस क्लबांची माणसे वह्या घेऊन तेथे हजर होतात. त्यांना इंग्रजीत 'स्काउट' म्हणतात. आपल्या शाळांतील गळ्यात रुमाल बांधणाऱ्या स्काउटांशी त्यांचा काही संबंध नाही. मी त्यांना पारखी म्हणेन. घोड्याचा व्यापारी जसा दात पाहतो, तसे हे पाहणारे. ही उपमा कठोर वाटेल, पण मला ती टाळता येत नाही.

या आठवड्यासाठी मुलाची तयारी वर्षभर चालते. सप्टेंबर ते मार्च हा हंगाम. ओंटारियो प्रांताच्या कनिष्ठ लीगमध्ये एका संघाला त्यात अडुसष्ट सामने खेळावे लागतात. प्रवास रात्रीच्या बसने, अभ्यास बसमध्येच. शरीर कमवावयास वेळ उरतो तो उन्हाळ्याचा. मे-जूनमध्ये मुले वजने उचलतात, टेकड्या धावत चढतात, आठवड्यातून काही दिवस बर्फावर केवळ घसरण्याचाच सराव करतात. चकती हाती नसते, फक्त वळणे, थांबणे, उलटे जाणे. मग कॅनडातील चाळीसच्या आसपास मुलांना शिबिरास बोलावतात आणि त्यांतून बावीस-तेवीस जण ठेवतात. बाकीच्यांना त्याच दिवशी घरी फोन करावा लागतो.

जी मुले राहतात त्यांची खरी परीक्षा येथेच सुरू होते, आणि मला हा भाग सर्वांत अधिक बोधक वाटला. यांतील प्रत्येक मुलगा आपल्या गावचा पहिला. लहानपणापासून गोल करावेत तर त्याने, टाळ्या घ्याव्यात तर त्याने. येथे मात्र सगळेच पहिले. चौघा-पाचांनाच पुढे ठेवता येते; बाकीच्यांना प्रशिक्षक सांगतो, "तू गोल करू नकोस, समोरच्याचा गोल अडव." कोणाला सामन्यात जेमतेम काही मिनिटे मिळतात. वर बसलेले पारखी नेमके हेच पाहतात. घसरण्याचा वेग, चकतीवरचा हात, हे तर ते पाहतातच, पण ते त्यांना आधीच ठाऊक असते. चकती दुसऱ्याकडे असताना हा काय करतो? चूक झाल्यावर काठी आपटतो की परत धावतो? बाकावर बसवला तर तोंड फिरवतो की सोबत्याला पाणी देतो? जूनमध्ये निवडीपूर्वी मुलांची आणखी एक परीक्षा होते. तिला बफलो शहरी बोलावून सायकलवर दम काढतात, बाहूंचे बळ मोजतात, आणि क्लबांची माणसे एकेकाला खोलीत घेऊन प्रश्न विचारतात. त्यांत घरचेही प्रश्न असतात: आईवडील काय करतात, भावंडे किती, संकट आले तेव्हा काय केलेस. सोळा-सतरा वर्षे घरात जे पेरले ते त्या खोलीत बाहेर येते.

पण पारख्यांचे डोळेही फसतात. याचे एक उदाहरण शाळामास्तरांनी व पालकांनी जरूर वाचावे. १९८० नंतरच्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ आपल्या पत्नीसह कनिष्ठ हॉकीचा सामना पाहावयास गेले होते. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत खेळाडूंच्या जन्मतारखा छापलेल्या होत्या. त्या चाळताना बाईंच्या लक्षात आले की बहुतेक मुले जानेवारी, फेब्रुवारी, मार्च महिन्यांत जन्मलेली. पुढे १९८५ साली बार्न्सलींनी याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण साधे होते. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीस बदलतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात. आठ-नऊ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे चांगले तीन बोटे उंची. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, अधिक बर्फ मिळते, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. डिसेंबरचा मुलगा "याच्यात दम नाही" म्हणून घरी बसतो. देवाने दिलेल्या देणगीचा न्याय असा पंचांग पाहून होत असेल, तर आपल्या शाळेच्या पहिल्या इयत्तेतही तो होत असणार. जून महिन्यात पाच वर्षे पुरी झालेले आणि सहावे संपत आलेले मूल एकाच बाकावर बसते, हे आपण रोज पाहतो.

आता थोडे मागे जाऊ. पूर्वी अशी सार्वजनिक निवड नव्हती. क्लबाचा माणूस थेट घरी येत असे.

ओंटारियोतील पॅरी साउंड या लहान गावात ऑर नावाचे कामगाराचे कुटुंब होते. १९६१ च्या वसंतात त्यांचा मुलगा बॉबी गॅनानॉक्वे गावी एका सामन्यात खेळला. वय बारा-तेरा. बॉस्टन क्लबाचे पारखी त्या दिवशी तेथे आले होते ते दुसऱ्याच दोन मुलांना पाहावयास. पण सामना संपेपर्यंत त्यांचे डोळे याच्यावरून हलले नाहीत. पुढील वर्षी, चौदाव्या वर्षी, त्याने व आईवडिलांनी क्लबाच्या कागदावर सह्या केल्या. त्या कागदाला 'सी फॉर्म' म्हणत. त्यावर सही झाली की मुलाचे धंदेवाईक खेळाचे हक्क त्या क्लबाचे. मोबदला काय? एक हजार डॉलर आणि घराच्या भिंतींना नवा गिलावा. बॉबी ऑर पुढे त्या खेळाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ बचावपटू ठरला. तो ठरला म्हणून ही कथा गोड वाटते. ज्या शेकडो मुलांनी तसल्याच कागदावर सही केली आणि जी पुढे कोठेच पोचली नाहीत, त्यांच्या घरांना गिलावा झाला की नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

या कथेतील एक गोष्ट मात्र मला आवडली. बॉबीच्या आईवडिलांनी पहिल्या वर्षी त्याला ओशावा शहरी राहावयास पाठविले नाही. तो घरीच राहिला, गावच्या शाळेत गेला, आणि दर आठवड्याच्या शेवटी कोणीतरी त्याला मोटारीने काही तासांच्या प्रवासाने सामन्यास नेई आणि परत आणी. चौदा वर्षांचे मूल घरी असावे, असे त्या कामगार आईबापांना वाटले. क्लबाला ते मान्य करावे लागले.

१९६३ साली माँट्रियलमध्ये पहिली सार्वजनिक निवड झाली. एकवीसच मुले निवडली गेली. पहिले नाव आले गॅरी मोनाहन याचे, वय सोळा. तो टोरंटोच्या सेंट मायकल्स या कॅथलिक शाळेच्या संघातला. पुढे काही वर्षांत ती 'सी फॉर्म'ची पद्धत बंद पडली.

या सेंट मायकल्स शाळेविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण येथे आपल्या धर्मसभेचा प्रत्यक्ष संबंध येतो. बेसिलियन संघाच्या धर्मगुरूंनी १८५२ साली ती स्थापिली. रेड केली, टिम हॉर्टन, फ्रँक माहोव्हलिच, डेव्ह कीऑन असे नामांकित खेळाडू येथूनच निघाले. १९६१ साली या शाळेच्या संघाने कॅनडाच्या कनिष्ठ हॉकीतील सर्वोच्च असा मेमोरियल चषक जिंकला. प्रशिक्षक होते फादर डेव्हिड बाउअर. आणि त्याच वर्षी शाळेने त्या लीगमधून आपला संघ काढून घेतला! सामने फार झाले होते, प्रवास फार झाला होता, मुलांचा अभ्यास बुडत होता. चषक हाती असताना दार बंद करणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्यातील किती शाळांना हे जमेल? मला माझ्याही विषयी खात्री देववत नाही. गावच्या संघाने ढाल आणली की धर्मगुरूलाही मिरवावेसे वाटते.

फादर बाउअर स्वतः तरुणपणी १९४४ साली मेमोरियल चषक जिंकलेल्या संघात खेळले होते. त्यांचे भाऊ बॉबी बाउअर बॉस्टन क्लबाचे प्रसिद्ध खेळाडू. फादरांनी मात्र गुरुदीक्षा घेतली. १९६३ मध्ये त्यांनी व्हँकूव्हर येथे विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचा एक संघ जमविला. हेतू असा की चांगल्या खेळाडूला शिक्षण सोडल्यावाचून देशासाठी खेळता यावे. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये हाच संघ कॅनडाचा संघ म्हणून उतरला. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात तिकडील एका खेळाडूची मोडलेली काठी फादरांना लागून कपाळातून रक्त वाहू लागले. बाकावरची मुले उसळून उठली. फादरांनी त्यांना हुकूम दिला, कोणी जागचे हलावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच खेळाडूला आपल्या शेजारी बसवून दुसरा सामना पाहिला. कॅनडा त्या वर्षी चौथा आला, पदक हुकले. त्या संघातील मुले पुढे काय सांगत असतील, गोलांची संख्या की ते रक्त, हे मी सांगावयास नको. फादर बाउअर १९८८ साली वारले.

आणखी एक धर्मगुरू. साउअर-चेरीच्या झाडाचाही आडोसा नाही अशा सास्कॅचेवानच्या सपाट गव्हाळ प्रदेशात विल्कॉक्स नावाचे खेडे आहे. फादर ॲथोल मरी १९२७ साली तेथे आले, आणि त्यांच्यामागे रिजायना शहरातील काही मुले आली. त्यांतून नोत्र दाम नावाचे विद्यालय उभे राहिले. मंदीच्या काळात शेतकऱ्यांजवळ पैसा नव्हता. फी म्हणून गहू, मांस, कोळसा जे काय मिळेल ते फादरांनी घेतले. ग्रीक तत्त्वज्ञान आणि हॉकी ही दोन्ही तेथे एकाच उत्साहाने चालत. १९८५ साली निवडीत पहिला आलेला वेंडेल क्लार्क आणि १९९८ साली पहिला आलेला व्हिन्सेंट लेकाव्हालिए हे दोघेही या खेड्यातील शाळेत शिकलेले. गव्हाच्या पोत्यावर शिकलेली मुले जगाच्या मैदानावर गेली, याचे मला कौतुक वाटते, हे लपवीत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो आई मागे उभी राहून विचारीत नाही. मूल राहते कोठे?

कॅनडात कनिष्ठ संघात निवडलेला मुलगा बहुधा सोळाव्या वर्षी घर सोडतो. घर शेकडो मैलांवर असते. त्याला वसतिगृहात ठेवीत नाहीत. गावातील एखादे कुटुंब त्याला आपल्या घरी घेते. अशा कुटुंबाला 'बिलेट' कुटुंब म्हणतात. क्लब त्यांना महिन्याला थोडी रक्कम देतो, पण एवढ्या वाढत्या अंगाच्या मुलाच्या जेवणालाच ती पुरत नसेल. ही कुटुंबे हे करतात ते बहुधा प्रेमाने. रात्री दोन वाजता बस परत आली की कोणीतरी मोटार घेऊन उभे असते. परीक्षेच्या दिवशी कोणीतरी उठवते. नातवंडांच्या छायाचित्रांशेजारी या मुलांची छायाचित्रे लावलेली असतात. परक्याच्या मुलाला आपल्या ताटावर बसविण्याचे हे कार्य मला मोठे वाटते; पवित्र कुटुंबालाही एकदा परक्या देशात कोणीतरी थारा दिलाच होता.

तथापि याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. १९९६ च्या अखेरीस शेल्डन केनेडी या खेळाडूने उघड केले की कनिष्ठ संघात असताना त्याच्या प्रशिक्षकाने वर्षानुवर्षे त्याच्यावर अत्याचार केले. मुलगा घरापासून दूर; भविष्य त्याच माणसाच्या हाती; सांगणार कोणाला? १९९७ च्या जानेवारीत त्या प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगवास झाला. १९९८ साली केनेडीने चाकांच्या बुटांवर कॅनडा देश या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केला, जेणेकरून लोक याविषयी बोलावयास लागावेत. पुढे प्रशिक्षकांना व पालकांना मुलांच्या रक्षणाचे शिक्षण देणारी संस्थाही त्याने उभी केली. हे लिहिताना माझी मान वर राहत नाही, कारण असली पापे आमच्या धर्मसभेच्या घरांतही घडली, आणि तेथेही मुलांचे म्हणणे कोणी फार काळ ऐकले नाही. म्हणून जो बाप मला विचारतो त्याला मी उलट विचारतो: त्या वसतिगृहात रात्री कोण असते? मुलाला तुम्हांशी एकांतात बोलता येते का? तुम्ही न कळविता भेटीस गेलात तर दार उघडते का? प्रशिक्षकाचे नाव मोठे आहे, हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

शिक्षणाचेही पाहिले पाहिजे. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये मुलगा जितके हंगाम खेळतो तितक्या वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च देण्याची प्रथा आहे. ही चांगली गोष्ट. निवड झाली नाही तरी हाती काही उरते. परंतु कित्येक दशके एक मोठी अडचण होती. या लीगमध्ये एकदा खेळला की अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांचे दार त्याला बंद होई, कारण त्याला धंदेवाईक समजत. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ठरवावयाचे, हा रस्ता की तो. आणि एकदा ठरविले की परतीची वाट नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने हा नियम बदलला, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून दार उघडले. यूकॉन प्रदेशाच्या व्हाइटहॉर्स गावचा गॅव्हिन मकेना हा फार गाजलेला मुलगा त्याच वर्षी कनिष्ठ संघ सोडून पेन्सिल्व्हेनियातील विद्यापीठात गेला. असा नियम बदलावयास इतकी वर्षे का लागावीत, हे मला उमगले नाही.

घर लवकर सोडणे नेहमी वाईटच, असेही म्हणता येत नाही. ज्याच्या नावे ही स्पर्धा आहे तो वेन ग्रेट्झकी दहा वर्षांचा असताना १९७१-७२ च्या हंगामात ३७८ गोल करून बसला. वडील वॉल्टर टेलिफोन कंपनीत कामाला. त्यांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडून मुलासाठी बर्फ तयार केले होते. पण एवढ्या कौतुकाबरोबर मत्सरही आला. ब्रँटफर्ड गावची मोठी माणसे, इतर मुलांचे आईबाप, त्या पोरावर ओरडू लागले. अखेरीस चौदाव्या वर्षी तो टोरंटोस राहावयास गेला तो काही अंशी या त्रासातून सुटावे म्हणून. मुलाला घराबाहेर काढले ते शेजाऱ्यांनी, असे म्हटले तरी चालेल. खेळाच्या मैदानाभोवती उभे राहून दुसऱ्याच्या मुलाविषयी आपण काय बोलतो, हे त्यांच्या कानी जाते.

शेवटी दोन मुलांविषयी सांगतो. दोघांचे वय एका पिढीच्या अंतराचे.

नोव्हा स्कोशियातील कोल हार्बर गावी सिडनी क्रॉस्बी आपल्या घराच्या तळघरात चकतीचा सराव करी. नेम चुकला की चकती कपडे वाळविण्याच्या यंत्रावर आदळे. ते यंत्र ठेचांनी इतके भरले की आज ते त्या प्रांताच्या क्रीडा संग्रहालयात ठेवलेले आहे. आईने ते यंत्र फेकून दिले नाही, आणि मुलालाही तळघरातून हाकलले नाही. पंधराव्या वर्षी तो अमेरिकेतील मिनेसोटाच्या एका निवासी शाळेत गेला. ऑगस्ट २००३ मध्ये, सोळावे लागत असतानाच, तो याच स्पर्धेत कॅनडाकडून खेळला. संघ चौथा आला. २००५ साली पिट्सबर्गच्या क्लबाने त्याला पहिला निवडला, आणि अठरा वर्षांचा तो मुलगा त्या क्लबाचे थोर खेळाडू मारिओ लमिए यांच्या घरी राहावयास गेला. एक-दोन महिने नव्हे. लमिए कुटुंबात, त्यांच्या मुलांबरोबर, तो २०१० पर्यंत राहिला.

दुसरा मॅथ्यू शेफर. ओंटारियोतील हॅमिल्टनकडचा, जन्म ५ सप्टेंबर २००७. निवडीस पात्र होण्याची तारीख १५ सप्टेंबर. अकरा दिवस उशिरा जन्मता तर त्याला आणखी एक वर्ष थांबावे लागले असते. म्हणजे आपल्या वर्षातील अगदी धाकट्यांपैकी एक. तो ईरी शहराच्या संघात खेळत असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची आई कर्करोगाने वारली. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, एडमंटनच्या त्या स्पर्धेत तो कॅनडाच्या संघाचा कप्तान होता, आणि संघाने सुवर्णपदक जिंकले. त्या डिसेंबरात गळ्याचे हाड मोडले आणि उरलेला हंगाम गेला. आपल्या क्लबाकडून त्या वर्षी तो अवघे सतरा सामने खेळला. तरी २७ जून २०२५ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्स या क्लबाने साऱ्या मुलांत पहिले नाव त्याचे घेतले. मंचावर आईविषयी बोलताना त्याचे डोळे भरून आले.

त्याच वर्षीच्या ९ ऑक्टोबरला पिट्सबर्ग येथे तो पहिला मोठा सामना खेळला. समोरच्या संघात अडतीस वर्षांचा क्रॉस्बी होता. आणि शेफर न्यूयॉर्कला राहावयास गेला तो स्वतःच्या घरात नव्हे. आयलंडर्सचे जुने खेळाडू मॅट मार्टिन, त्यांची पत्नी आणि लहान मुले यांच्या घरी त्याला एक खोली मिळाली.